लाडका खेळाडू संघ सोडून गेला, आता सीझन तिकिटंही सोडावीत का?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, सध्या अमेरिकेत ओमाहाला असतो. सोळा वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या, पण ओमाहा सोडलं नाही. त्याचं निम्मं कारण शनिवार. तासाभरावर लिंकन आहे, तिथे नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची आमची चार सीझन तिकिटं आहेत. मी, बायको, दहावीतला मुलगा आणि धाकटी मुलगी (तिला व्हॉलीबॉल जास्त आवडतं, पण येते). मुलाने दोन वर्षं क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा खेळाडू) डिलन रायोलाची १५ नंबरची जर्सी अंगावेगळी केली नाही. २०२५च्या नोव्हेंबरात रायोलाचा पाय मोडला आणि डिसेंबरात त्याने संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. मुलाने जर्सी गॅरेजमधल्या खोक्यात टाकली. दोन दिवस नीट जेवला नाही.

आमच्याकडे वस्तादाला सोडून दुसऱ्या तालमीत जाणाऱ्या पठ्ठ्याशी कोणी बोलत नसे. मी रागाच्या भरात रायोलाच्या इन्स्टाग्रामवर दोन ओळी लिहिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कोच मॅट रूल यांच्यावरही राग आहेच. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा करार २०३२पर्यंत वाढवला आणि त्यानंतरच्या पाच सामन्यांपैकी चार हरलो. मित्रांच्या ग्रुपवर रोज वाद होतात. बायको म्हणते, शनिवारी घरात बसवत नाही. तिकिटं सोडून द्यावीत का? आणि मुलाला काय सांगू?

— ओमाहाचे एक वाचक

नमस्कार.

आधी त्या दोन ओळी काढून टाका. माझं उत्तर पुढे वाचण्याआधी फोन उचला आणि ते काम करा. रायोला जेमतेम विशीतला आहे. त्याला तुमचा राग कळावा एवढं तुमचं नातं नाही, आणि मोडलेल्या पायाने खोलीत बसलेल्या मुलापर्यंत अनोळखी मोठ्या माणसांच्या शिव्या पोचणं ही वाईट गोष्ट आहे. तुमचा मुलगाही इन्स्टाग्रामवर असेल. त्याने त्या ओळी वाचल्या असतील, तर आवडत्या माणसाने निराश केल्यावर कसं वागायचं याचा धडा त्याला घरातूनच मिळाला आहे. तो बदलायला अजून वेळ आहे.

आता तालमीचं बोलू. वस्ताद आणि पठ्ठ्याची निष्ठा दोन्ही बाजूंनी असते, म्हणून ती निष्ठा. वस्ताद त्याच मातीत म्हातारा होतो. पठ्ठ्याच्या खुराकाची, दुखापतीची काळजी वाहतो, आणि जास्त पैसे मिळतात म्हणून ऐन हंगामात दुसऱ्या गावच्या तालमीत जात नाही. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये वस्ताद मंडळी कधीच तशी बांधलेली नव्हती. रूल टेम्पल विद्यापीठ सोडून बेलरला गेले, बेलर सोडून एनएफएल या व्यावसायिक लीगच्या कॅरोलायना पँथर्सकडे गेले, तिथून काढल्यावर तुमच्याकडे आले. नोव्हेंबर २०२५मध्ये कोच लेन किफिन यांनी ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) संघ अकरा सामने जिंकून प्लेऑफच्या दारात उभा असताना सोडला आणि ते एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेले. तुमचा स्वतःचा अॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा प्रमुख, ट्रेव्ह अल्बर्ट्स, जो नेब्रास्काचाच गाजलेला खेळाडू, २०२४च्या मार्चमध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात गेला. त्यांच्या इन्स्टाग्रामवर तुम्ही काही लिहिलंत का? नसेल लिहिलं. मोठ्यांनी नोकरी बदलली की ती प्रगती आणि पोराने संघ बदलला की ती गद्दारी, हा हिशोब मला मान्य नाही.

ज्या वाचकांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटएवढं आहे. नेब्रास्का राज्यात व्यावसायिक लीगचा एकही मोठा संघ नाही, त्यामुळे सगळं प्रेम लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमवर ओतलं जातं. १९६२पासून तिथल्या प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटं संपली आहेत. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं असं तिथले लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना मात्र कित्येक दशकं शिष्यवृत्तीपलीकडे काही मिळत नव्हतं. विद्यापीठ बदललं तर सहसा एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे आपलं नाव नोंदवून इतर विद्यापीठांशी बोलायची खुली सोय. २०२१मध्ये एकदा बदली केली तर बाकावर बसायची अट गेली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमावता येऊ लागले. २०२४मध्ये कितीही वेळा बदली करायची मुभा मिळाली. आणि जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

तुम्ही सोळा वर्षांत तीन कंपन्या बदलल्यात. सुरुवातीला एच-वन-बी व्हिसावर असाल. एका मालकाच्या मर्जीवर आपलं घर, मुलांची शाळा, सगळं टांगलेलं असतं हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. चांगली संधी आली आणि कागद बदलून घेता आले, तेव्हा तुम्ही गेलात. कोणी तुम्हाला बेइमान म्हटलं नाही. बाकावर बसवण्याचा जुना नियम गेला हे चांगलंच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक आठवण करून देते. रायोलाने नेब्रास्काला यायचं ठरवलं ते डिसेंबर २०२३मध्ये, जॉर्जिया विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून. त्या दिवशी तुमच्या ग्रुपवर काय लिहिलं गेलं ते वर सरकवून बघा. त्याचे वडील डॉमिनिक नेब्रास्काकडून खेळले होते, त्यामुळे सगळ्या राज्याला वाटलं की लेक घरी आला. जॉर्जियाच्या चाहत्यांनाही तेव्हा घरातला पोरगा गेल्यासारखंच वाटलं असणार.

पण तुमचा राग निराधार आहे असं मी म्हणत नाही. तो कुठे न्यायचा एवढाच प्रश्न आहे.

रूल आले तेव्हा त्यांचा इतिहास सगळ्यांना पाठ होता. टेम्पलमध्ये पहिल्या वर्षी दोन विजय आणि दहा पराभव, तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलरमध्ये पहिल्या वर्षी एक विजय आणि अकरा पराभव, तिसऱ्या वर्षी अकरा विजय. म्हणून नेब्रास्कात सगळे तिसऱ्या वर्षाची वाट बघत होते. ते २०२५ होतं. पहिल्या वर्षी ५-७ (पाच विजय, सात पराभव), दुसऱ्या वर्षी ७-६, आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा ७-६. आठ वर्षांसाठी ७ कोटी ४० लाख डॉलरचा करार केलेल्या कोचकडून एवढीच वाढ झाली, तर चिडण्याचा चाहत्यांना पूर्ण हक्क आहे. मिशिगन आणि मिनेसोटाविरुद्धच्या पराभवांत क्वार्टरबॅक पुन्हा पुन्हा जमिनीवर पडत होता. त्याच्यासमोरची भिंत, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन, तिसऱ्या वर्षीही उभी राहिली नव्हती. मुलं का सोडून जातात याचं उत्तर बहुतेक वेळा पैशाआधी अशा ठिकाणी सापडतं. ज्या क्वार्टरबॅकला दर शनिवारी पाठीवर आपटलं जातं, त्याने आपल्या पुढच्या दहा वर्षांचा विचार केला तर त्यात मला निष्ठेचा प्रश्न दिसत नाही.

किती मुलं सोडून गेली हा आकडा बघू नका. तो आता सगळीकडेच मोठा असतो. कोण गेलं ते बघा. संधी न मिळालेला राखीव खेळाडू गेला तर तो त्याच्या भल्यासाठी गेला. दोन वर्षं घडवून मैदानात उतरवलेला मुलगा गेला, तर काहीतरी बिनसलंय. सहायक कोच किती वेळा बदलतात तेही बघा. अठरा वर्षांच्या मुलाला घरी येऊन, आईशी बोलून संघात आणतो तो सहसा सहायक कोच. तो गेला की मुलाचा माणूस गेला. बचावाची सूत्रं सांभाळणारे टोनी व्हाइट २०२४च्या हंगामानंतर फ्लोरिडा स्टेटला गेले. हल्ल्याची सूत्रं त्याच हंगामात मध्येच दुसऱ्याच्या हाती दिली गेली. या गोष्टी कोचच्या खात्यात मांडायच्या.

राहिलेली मुलंही त्याच खात्यात येतात, आणि त्यांची चर्चा तुमच्या पत्रात अजिबात नाही. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, एमेट जॉन्सन २०२२मध्ये आला, आधीचे कोच स्कॉट फ्रॉस्ट यांच्या काळात. फ्रॉस्ट गेले, रूल आले, जॉन्सन राहिला. पाळी यायची वाट बघितली आणि २०२५मध्ये चौदाशेहून जास्त यार्ड धावून बिग टेनमध्ये, म्हणजे नेब्रास्का खेळतं त्या विद्यापीठांच्या गटात, पहिला आला. रायोलाचा पाय मोडल्यावर संघाचा भार त्यानेच वाहिला. तुमच्या मुलाला त्याच्याबद्दल किती माहीत आहे?

कोचला काढा अशी ग्रुपवर रोज मागणी होते, असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. माझं मत विरुद्ध आहे, आणि त्याला नेब्रास्काचाच इतिहास कारण आहे. २००३मध्ये फ्रँक सोलिच यांना नऊ विजयांच्या हंगामानंतर काढलं, कारण नऊ पुरेसे नव्हते. २०१४मध्ये बो पेलिनी यांना काढलं, त्यांनी सातही वर्षं किमान नऊ सामने जिंकले होते. त्यानंतर माइक रायली आले, तीन वर्षांत १९ विजय आणि १९ पराभव. मग घरचा मुलगा फ्रॉस्ट आला, १९९७च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक. सगळं राज्य आनंदाने वेडं झालं होतं. १६ विजय, ३१ पराभव. २०२१मध्ये नऊ सामने हरले आणि नऊही नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. सप्टेंबर २०२२मध्ये जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर हरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांना काढलं आणि दीड कोटी डॉलर द्यावे लागले. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर रक्कम निम्मी झाली असती. तीन आठवड्यांचा राग विद्यापीठाला ७५ लाख डॉलरना पडला.

तुमच्या आधीच्या पिढीने टॉम ऑस्बोर्न यांच्यावरही असाच राग धरला होता. १९७३मध्ये कोच झाल्यावर ते ओक्लाहोमाकडून ओळीने पाच वर्षं हरले. मोठा सामना त्यांना जिंकता येत नाही, असं बोललं जाई. १९७८मध्ये एकदाचे जिंकले, आणि त्याच वर्षी कोलोराडोला जायचा विचार करून शेवटी राहिले. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९९४मध्ये, बाविसाव्या हंगामात. मग १९९५ आणि १९९७. आज बावीस वर्षं कोणी कोणाला देणार नाही, मीही मागत नाही. चौथा हंगाम तरी द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या हंगामाकडे वर सांगितलेल्या गोष्टी लक्षात ठेवून बघा. ऑफेन्सिव्ह लाइन उभी राहिली का, घडवलेली मुलं राहिली का, नोव्हेंबरात संघ कोसळला का. तिन्हींची उत्तरं वाईट आली, तर मीही तुमच्या बाजूने बोलेन.

करार वाढवण्याचा मुद्दा वेगळा आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. त्यावर तुमचा राग अगदी योग्य जागी आहे, फक्त पत्ता चुकलाय. करारावर कोच एकटा सही करत नाही. संघाने ६-२ अशी सुरुवात केली, दुसऱ्या विद्यापीठांत जागा रिकाम्या होत होत्या, पेन स्टेट विद्यापीठाने कोच जेम्स फ्रँकलिन यांना तेव्हाच काढलं होतं आणि रूल त्याच विद्यापीठाचे माजी खेळाडू. त्यामुळे नेब्रास्काने घाई केली. भीती समजण्यासारखी आहे. पण हंगामाचा अवघड भाग समोर असताना ही घाई केली, आणि त्याचा जाब विचारता येतो. नेब्रास्का हे सरकारी विद्यापीठ आहे. कोचचा करार ही सार्वजनिक नोंद असते, ती वाचता येते. आणि विद्यापीठाचं बोर्ड ऑफ रीजंट्स, म्हणजे कारभार बघणारं मंडळ, तुमच्या राज्यात लोक मत देऊन निवडतात. आठ मतदारसंघ, सहा वर्षांची मुदत. तुम्ही नागरिक झाला असाल तर ओमाहात तुमचाही एक रीजंट आहे आणि तो तुमच्या मताने निवडून येतो. पत्र त्याला लिहा. उद्या कोचला काढायची वेळ आली तर किती द्यावे लागतील आणि ते कुठून येतील, हे विचारा. इन्स्टाग्रामवरच्या दोन ओळींपेक्षा या दोन ओळी कोणाला तरी उत्तर द्यायला भाग पाडतील.

पोर्टलला शिव्या देणाऱ्यांनी इंडियानाकडेही बघावं. पराभवांसाठी ओळखलं जाणारं हे विद्यापीठ २०२३मध्ये ३-९ होतं. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आले ते स्वतःची बरीच मुलं सोबत घेऊन. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा कॅलिफोर्निया विद्यापीठातून पोर्टलमार्गे आला, त्याने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइझमन ट्रॉफी जिंकली, आणि जानेवारी २०२६मध्ये इंडियाना एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता झाला. त्याच दारातून मुलं येतातही. ती तुमच्याकडे का येत नाहीत किंवा आल्यावर का टिकत नाहीत, हा प्रश्न पुन्हा प्रशिक्षणाकडे जातो.

मला स्वतःला या सगळ्यात खरं दुःख एका वेगळ्याच गोष्टीचं आहे, आणि तिच्याबद्दल चाहते फार कमी बोलतात. नेब्रास्काची खरी मिरवण्यासारखी परंपरा म्हणजे वॉक-ऑन. लहान गावांतली, शेतकऱ्यांची मुलं शिष्यवृत्ती नसताना, स्वतःच्या पैशाने शिकत संघात यायची, वर्षानुवर्षं सराव करायची, आणि त्यातली काही चौथ्या वर्षी मैदानात उतरायची. संघात दीडशेच्या आसपास मुलं असत. २०२५च्या तडजोडीने फुटबॉल संघावर १०५ खेळाडूंची मर्यादा आणली. शिष्यवृत्त्या वाढवायला वाव मिळाला, पण या मुलांची जागा गेली. रायोला गेला तरी त्याला दुसरीकडे मैदान मिळेल. या मुलांना ते मिळणार नाही. शोक करायचा तर याचा करा, आणि रीजंटच्या पत्रात याबद्दलही एक परिच्छेद असू द्या.

आता मुलाबद्दल. त्याला नियम समजावत बसू नका, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत. गॅरेजमधलं खोकं तसंच राहू द्या, जर्सी ना फेकू नका ना परत आणून द्या. गाडीत दोघंच असाल तेव्हा विचारा, रायोलात त्याला नक्की काय आवडायचं. त्याने फेकीबद्दल सांगितलं, वडिलांच्या विद्यापीठात येण्याबद्दल सांगितलं, काहीही सांगितलं तरी मध्ये बोलू नका. मग त्याला फ्रॉस्टची गोष्ट सांगा. १९९७चा तो विजेता क्वार्टरबॅक नेब्रास्कातल्या वूड रिव्हरचा, पण आधी स्टॅनफर्डला गेला होता, तिथून बदली घेऊन घरी आला आणि जुन्या नियमाप्रमाणे एक वर्ष बाहेर बसला. तुमच्या मित्रांना हे माहीत असेल, पण दहावीतल्या मुलाला बहुतेक नसेल. आणि त्याला जरूर सांगा की दोनेक वर्षांत तो कुठल्याशा कॉलेजात जाईल आणि ते त्याला मानवलं नाही तर बदलायला घरातून आडकाठी होणार नाही. मला वाटतं, हे त्याला ऐकायची गरज आहे. वडिलांनी संघ बदलणाऱ्या मुलाला काय म्हटलं हे त्याने ऐकलेलं आहे.

तिकिटांबद्दल: रागात सोडू नका आणि हट्टाने ठेवूही नका. चार तिकिटांचा वर्षाचा खर्च कागदावर मांडा, पेट्रोल आणि खाण्यापिण्यासह. मग चौघांनी बसून ठरवा, कोणाला किती सामन्यांना खरंच जायचंय. बायको म्हणते शनिवारी घरात बसवत नाही, ते हरण्यामुळे की तुमच्या आवाजामुळे, हे तिलाच विचारा. मला उत्तराचा अंदाज आहे. दोन तिकिटं ठेवून दोन सोडता येतील. उरलेल्या पैशात मुलीला व्हॉलीबॉलला न्या. तिच्याबद्दल तुम्ही पत्रात कंसात एक वाक्य लिहिलंत, आणि तिच्या आवडीच्या खेळात तुमचं विद्यापीठ देशात पहिल्या फळीत आहे. ३० ऑगस्ट २०२३ला मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना त्याच मेमोरियल स्टेडियममध्ये झाला तेव्हा ९२,००३ लोक आले होते. जॉन कुक यांनी पंचवीस हंगाम तो संघ घडवला आणि २०२५च्या सुरुवातीला त्यांची जागा त्यांच्याच जुन्या खेळाडूने, डॅनी बुसबूम केली यांनी घेतली. खेळाडू घडवणं आणि जोडून ठेवणं कसं असतं हे बघायचं असेल तर तुमच्या तासाभराच्या अंतरावर ते दिसतं.

ग्रुपवरच्या वादातून सामन्याच्या रात्री बाहेर राहा. सकाळी वाचा आणि तेव्हाही लिहावंसं वाटलं तर लिहा. रीजंटला पत्र पाठवाल तेव्हा कराराच्या तारखेचा प्रश्न पहिल्या परिच्छेदात घ्या, वॉक-ऑनचा दुसऱ्या, आणि सामन्यांचे निकाल त्यात घालू नका. ते त्यांना माहीत आहेत.